येरवड्याचीं पत्रें आणि स्वदेशीचें व्रत

१९३० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं, मिठाचा सत्याग्रह ऐन भरांत असतांना, गांधीजींना दांडीजवळच्या कराडी गांवांतील झोंपडींतून मध्यरात्रीं अटक झाली आणि त्यांची रवानगी पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगांत करण्यांत आली. या तुरुंगाला ते येरवडा-मंदिर म्हणत. साबरमतीच्या आश्रमांत मागें राहिलेल्या मंडळींना दर आठवड्यास कांहीं विचारांची शिदोरी मिळावी, म्हणून २२ जुलैपासून दर मंगळवारीं प्रातःप्रार्थना आटोपल्यावर ते आश्रमाच्या एकेका व्रतावर पत्र लिहूं लागले. मंगळवारच्या सकाळचीं म्हणून या पत्रांच्या संग्रहाला ‘मंगल प्रभात’ हें नांव पडलें. पत्रें गुजराथींत आहेत, लहान आहेत, आणि घरांतील वडील माणसानें मुलांना जवळ बसवून सांगावें अशा भाषेंत आहेत.

पहिलें पत्र सत्यावर. मग अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यता-निवारण, शरीरश्रम आणि सर्वधर्मसमभाव. नम्रतेवरहि एक पत्र आहे. पण नम्रता हें व्रत होऊं शकत नाहीं, कारण नम्र असल्याचें ज्याला भान आहे तो नम्र राहतच नाहीं, असें त्यांत मोठ्या मार्मिकतेनें दाखविलें आहे. मात्र आश्रमाच्या अकरा व्रतांपैकीं एक व्रत त्या मालिकेंत आलेंच नाहीं. तें व्रत स्वदेशीचें. कैद्यानें राजकारणावर लिहावयाचें नाहीं हा तुरुंगाचा नियम गांधीजी कसोशीनें पाळीत, आणि त्या निषिद्ध क्षेत्रांत पाऊल टाकल्यावांचून स्वदेशीला न्याय देतां येणार नाहीं असें त्यांना वाटलें. २६ जानेवारी १९३१ रोजीं सुटका झाल्यानंतरच तें राहिलेलें पत्र लिहिलें गेलें.

यांत एक कोडें आहे. स्वदेशी हा जर राजकारणाचा विषय, तर तो सत्य, अहिंसा, अस्तेय यांच्या पंक्तीला कसा बसतो? आणि तें जर व्रत, म्हणजे ईश्वराला साक्षी ठेवून घ्यावयाची प्रतिज्ञा, तर त्यावर तुरुंगांत लिहितां येऊं नये असें त्यांत काय आहे? स्वावलंबन, नीति आणि श्रद्धा या तीन गोष्टी सामान्य माणूस तीन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो. पहिली बाजारांत, दुसरी घरांत आणि तिसरी देव्हाऱ्यांत. गांधीजींच्या विचारांत हे कप्पे नाहींत.

महाराष्ट्राला स्वदेशी हा शब्द गांधीजींनीं शिकविला असें नाहीं. पुण्याचे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, १८७७ सालच्या दिल्ली दरबाराला हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले होते. १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनीं स्वदेशी आणि बहिष्कार यांना स्वराज्य व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बसवून चतुःसूत्री सिद्ध केली. दादाभाई नौरोजींनीं देशांतून दरवर्षीं बाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब आधींच मांडला होता. या पिढीच्या स्वदेशीला दोन भक्कम आधार होते: एक, देशाचा पैसा देशांत राहावा, दुसरा, राज्यकर्त्यांच्या व्यापाराला धक्का बसला कीं त्यांना आपलें म्हणणें ऐकावें लागेल. गांधीजींनीं हे दोन्ही आधार काढून टाकले नाहींत, परंतु त्यांच्या खालीं एक तिसरा आधार घातला, आणि त्यामुळें वरच्या इमारतीचा आकारहि बदलला.

तो आधार कोणता, हें त्यांनीं १४ फेब्रुवारी १९१६ रोजीं मद्रास येथें ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परिषदेपुढें सांगितलें. श्रोते ध्यानांत घ्यावे. दूर देशांतून धर्मप्रसारासाठीं आलेल्या लोकांसमोर त्यांनीं स्वदेशीची व्याख्या केली, ती अशी कीं, दूरचें सोडून आपल्या अगदीं निकटच्या परिसराचा उपयोग व त्याचीच सेवा करण्यापुरतें स्वतःला मर्यादित ठेवणारी जी वृत्ति, ती स्वदेशी. कापडाचा किंवा सरकारचा या व्याख्येंत उल्लेखसुद्धां नाहीं. मग त्यांनीं तिच्या तीन शाखा सांगितल्या. धर्माच्या क्षेत्रांत, पूर्वजांपासून आलेल्या धर्माला धरून राहावें, त्यांत दोष दिसल्यास ते काढून टाकावे. राजकारणांत, देशी संस्थांचा उपयोग करावा व त्यांचीं व्यंगें दूर करावीं. अर्थकारणांत, शेजाऱ्यांनीं बनविलेल्या वस्तु वापराव्या आणि त्यांच्या धंद्यांत जें उणें असेल तें भरून काढावें. अर्थात् श्रद्धा आणि कापड यांना त्यांनीं एकाच सूत्रांत ओंवलें. तें सूत्र म्हणजे शेजार.

गांधीजींच्या स्वावलंबनाच्या कल्पनेंत मध्यभागीं ‘स्व’ नसून शेजारी आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे पुष्कळशी गुंतागुंत सुटते. स्वावलंबन म्हटलें कीं मनापुढें येतो तो कोणाचें कांहीं न लागणारा, आपल्या ताकदीवर उभा असलेला मनुष्य. गांधीजींच्या दृष्टीनें असा मनुष्य आदर्श तर नव्हेच, तो अस्तित्वांतच नाहीं. प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या श्रमावर जगतो. प्रश्न एवढाच कीं ज्याच्या श्रमावर आपण जगतों त्याचें तोंड आपल्याला दिसतें काय, त्याला पोटभर अन्न मिळतें कीं नाहीं हें आपल्याला ठाऊक आहे काय. हजारों कोसांवरून आलेल्या वस्तूच्या बाबतींत हें ठाऊक असण्याचा संभव नाहीं. जवळच्या विणकराच्या बाबतींत आहे. आणि तो उपाशी असतां आपण दूरचें तलम कापड घेतलें, तर तो केवळ व्यवहार राहत नाहीं, तेथें अपराधाचा प्रवेश होतो.

त्यामुळें अस्तेयाचें आणि शरीरश्रमाचें पत्र वाचल्यावांचून स्वदेशीचें पत्र नीट समजत नाहीं. दुसऱ्याची वस्तु उचलणें एवढीच चोरी नव्हे. ज्या वस्तूची आपल्याला गरज नाहीं ती घेणें, गरजेहून अधिक खाणें, हीहि चोरीच, असें ते अस्तेयाच्या पत्रांत सांगतात. शरीरश्रमाच्या पत्रांत टॉलस्टॉयचा आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन, अन्नासाठीं हातपाय न हलवितां जेवणाऱ्याला ते याच पंगतीला बसवितात. या विचाराचें बीज जुनें होतें. १९०४ सालीं जोहान्सबर्गहून दरबानला जातांना आगगाडींत रस्किनचें एक पुस्तक त्यांच्या हातीं पडलें, तें त्यांनीं रात्रभर वाचलें, आणि त्याच वर्षीं फिनिक्सची वसाहत उभी राहिली. २२ डिसेंबर १९१६ रोजीं अलाहाबादच्या म्यूर कॉलेजांत अर्थशास्त्राच्या मंडळींपुढें ते बोलले तेव्हां विषय होता तो हाच, कीं आर्थिक प्रगति ही खऱ्या प्रगतीच्या आड येते काय. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना तें व्याख्यान कितपत मानवलें असेल याची कल्पना करतां येते.

परंतु या सगळ्या तत्त्वज्ञानाला अद्याप चरखा मिळालेला नव्हता! १९०९ सालीं इंग्लंडहून आफ्रिकेला परततांना बोटीवर त्यांनीं ‘हिंद स्वराज्य’ लिहिलें, उजवा हात थकला तेव्हां डाव्या हातानें लिहिलें. पण पुढें आत्मचरित्रांत त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें आहे कीं त्या काळीं आपण चरखा किंवा हातमाग पाहिल्याचें आठवत नाहीं. १९१५ सालीं हिंदुस्थानांत परत आल्यावरहि प्रत्यक्ष चरखा त्यांनीं पाहिलेला नव्हता. आश्रमांत माग बसले, पण त्यांवर विणावयाचें सूत गिरणीचें. म्हणजे गिरण्यांची बिनपगारी दलालीच झाली. १९१७ सालीं भडोचला शिक्षण परिषदेंत गंगाबेन मजमुदार या बाईंची गांठ पडली. विधवा, निर्भय, घोड्यावर बसून एकटी फिरणारी. चरखा शोधून काढण्याचें काम गांधीजींनीं त्यांच्यावर सोंपविलें. पुष्कळ भटकंतीनंतर त्यांना तो सांपडला विजापूर येथें. हें विजापूर आदिलशाहीचें नव्हे, त्या वेळच्या बडोदें संस्थानांतलें. तेथें घरोघर चरखे होते, पण माळ्यावर टाकलेले. बायका सूत कांतावयाला तयार होत्या, त्यांची अट एकच: पेळू नियमानें मिळाले पाहिजेत आणि सूत कोणी तरी विकत घेतलें पाहिजे.

पेळूंची सोय मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनीं आपल्या गिरणींतून केली, आणि गंगाबेनकडून सुताच्या राशी येऊं लागल्या. काम सुरळीत चाललें होतें. दुसरा कोणी असता तर येथेंच समाधान मानता. गांधीजींच्या मनाला मात्र टोंचणी लागली, कीं गिरणीचे पेळू चालतात तर गिरणीचें सूत कां चालूं नये? पूर्वीच्या कांतणाऱ्यांना पेळू कोणती गिरणी पुरवीत होती? त्यांनीं गंगाबेनला पिंजारी शोधावयास लिहिलें. पिंजाऱ्यानें महिना पस्तीस रुपये, किंबहुना त्याहून अधिक मागितले. गांधीजींना ती रक्कम त्या वेळीं जड वाटली नाहीं. आश्रमांत मगनलाल गांधींनीं चरख्याच्या रचनेंत सुधारणा केल्या. पहिली खादी तयार झाली ती वारी सतरा आण्यांना पडली. हा भाव गिरणीच्या कापडापुढें हास्यास्पद होता, पण गांधीजींनीं मित्रांना ती खादी त्या भावानें खुशाल घ्यावयास लावली. मुंबईंत ते आजारी होते तेव्हां त्यांच्या खोलींत चरखा फिरूं लागला, आणि तेथें कांतावयास शिकणाऱ्या स्त्रियांत अवंतिकाबाई गोखले होत्या. गांधीजींचें मराठी चरित्र १९१८ सालीं लिहिणाऱ्या त्या याच.

मग धोतराचा प्रश्न आला. विजापूरच्या खादीचा पन्हा तीस इंच. गांधीजींनीं गंगाबेनला निर्वाणीचें कळविलें कीं महिन्याभरांत पंचेचाळीस इंच पन्ह्याचें धोतर मिळालें नाहीं, तर आपण आंखूड पंचा नेसून राहूं. बाई घाबरल्या, पण महिना भरावयाच्या आंत धोतरजोडी हजर झाली. ही हकीकत ऐकून हसूं येतें. तरीहि व्रत म्हणजे काय याचा पुरावा येथें मिळतो तसा दुसरीकडे क्वचितच मिळेल. सोय पाहून पाळावयाचा तो नियम. गैरसोय झाली तरी मोडावयाचें नाहीं तें व्रत. शक्य तेवढें सत्य बोलेन असें म्हणणारा आपल्या दुबळेपणाला आधींच सवलत देऊन ठेवतो, असें ते व्रतावरच्या पत्रांत म्हणतात, तें याच अर्थानें.

व्रताचा हा कडकपणा आंधळा होता काय? तसा समज पुष्कळांचा झाला, आणि त्याला कांहीं अनुयायांचें वर्तन कारण झालें. स्वतः गांधीजींनीं १९२५ सालीं लिहिलें आहे कीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें आपण इंग्लंडचीं घेऊं, टांचण्या आणि पेन्सिली ऑस्ट्रियाच्या, घड्याळें स्वित्झर्लंडचीं. नाकारावयाचें तें परदेशचें कापड, कारण त्यानें आपल्या देशांतील कोट्यवधि लोकांचा धंदा बुडतो. १९३१ च्या त्या पत्रांत तर, केवळ परदेशी म्हणून प्रत्येक वस्तु टाकणें आणि ज्या मालाला आपला देश अनुकूल नाहीं तोहि येथेंच काढण्यापायीं राष्ट्राची शक्ति खर्च करणें, हें स्वदेशीच्या मुळावरच येणारें वेड आहे असें स्पष्ट सांगितलें आहे. यंत्राविषयींहि तेंच. १९२४ सालीं एका तरुणानें त्यांना छेडलें तेव्हां शिवणयंत्राला त्यांनीं आनंदानें सूट दिली; बायकोला टांके घालण्याचा कंटाळवाणा त्रास पडूं नये म्हणून सिंगरनें तें केलें, त्याच्या मुळाशीं प्रेम आहे, असें कारण दिलें. शिवणयंत्र कारखान्यांतच तयार होतें आणि तो कारखाना कोणी तरी चालवावा लागतो, ही अडचणहि त्यांनीं मान्य केली. १९२९ सालीं चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. यंत्राचा द्वेष्टा असें करीत नाहीं. खुद्द येरवड्याच्या तुरुंगांतहि त्यांचे प्रयोग चालूच असत. पेटींत मावणारा घडीचा चरखा पुढें यरवडा-चक्र या नांवानेंच ओळखला जाऊं लागला.

खरी अडचण निराळीच होती. ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत परळला विलायती कापडाची मोठी होळी झाली. ज्या देशांत माणसें उघडीं आहेत तेथें धडधडीत वस्त्रें जाळणें हा कसला धर्म? दीनबंधु अँड्र्यूज यांना तें फार लागलें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्याच वर्षीं जाहीर टीका केली, आणि त्यांचा रोख केवळ कापडावर नव्हता. विचार न करतां सूत कांता अशी आज्ञा देणें आणि ती मुकाट्यानें पाळणें यांत त्यांना मनाची गुलामगिरी दिसली. गांधीजींनीं १३ ऑक्टोबर १९२१ च्या ‘यंग इंडिया’ंत उत्तर दिलें. उपाशी माणसापुढें ईश्वर प्रकट व्हावयाचा तर काम आणि त्या कामाची भाकरी याच रूपानें होऊं शकतो, असा त्याचा आशय आहे. होळीविषयीं त्यांचें म्हणणें असें कीं, लोकांच्या मनांत इंग्रज माणसांविषयीं जो द्वेष आधींच सांचला आहे तो आपण माणसांवरून वस्तूंकडे वळवीत आहों.

हें उत्तर पहिल्या भागांत बिनतोड आहे, दुसऱ्या भागांत तितकें नाहीं. वस्तूवर काढलेला राग माणसापर्यंत पोंचणारच नाहीं याची हमी होळीच्या भोंवतीं जमलेल्या गर्दींत कोणीं द्यावी? रवींद्रनाथांची शंका शिल्लक राहते, आणि ती शिल्लक राहिली हें बरेंच झालें. पण गांधीजींच्या मनांत द्वेष नव्हता याचा पुरावा दहा वर्षांनीं, सर्वांत अवघड जागीं मिळाला. १९३१ च्या सप्टेंबरांत गोलमेज परिषदेसाठीं ते विलायतेंत असतांना लँकशायरमध्यें डार्वेनच्या बाजूला गेले. खादीच्या चळवळीनें गिरण्यांवर जो परिणाम झाला होता त्याची झळ ज्यांच्या चुलीपर्यंत पोंचली होती, त्या बेकार मजुरांत ते दोन दिवस राहिले. त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं, खोटें आश्वासनहि दिलें नाहीं. इंग्लंडांत तीस लाख बेकार आहेत, हिंदुस्थानांत सुमारें तीस कोटी लोक वर्षांतले सहा महिने बेकार असतात. येथील बेकाराला सरासरी सत्तर शिलिंग मदत मिळते, तेथील माणसाची सरासरी मिळकतच महिना साडेसात शिलिंग आहे, असा हिशेब त्यांच्यापुढें ठेवला. मजूर बायांनीं त्यांच्याभोंवतीं गर्दी करून जयजयकार केल्याचीं छायाचित्रें आहेत. दूरच्याचें अकल्याण करून जवळच्याची सेवा होऊं शकत नाहीं, हें स्वदेशीच्या पत्रांतलें कलम येथें कसाला लागलें. लँकशायरचें नुकसान झालें हें खरेंच. पण ज्या व्यापारानें एकाची भाकरी दुसऱ्याच्या उपासमारीवर शिजते तो थांबणें हें नुकसान नव्हे, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनीं नुकसान सोसणाऱ्यांच्या घरांत बसून सांगितली.

आतां श्रद्धेचा भाग. ईश्वर हेंच सत्य, असें गांधीजी पूर्वी म्हणत. येरवड्याच्या पहिल्याच पत्रांत हें वाक्य उलटें झालेलें दिसतें. सत्य म्हणजे सत्, जें आहे तें. तेव्हां सत्य हाच ईश्वर, असें म्हणणें अधिक योग्य. १९३१ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथें त्यांनीं या बदलाचा खुलासा केला. ईश्वराच्या नांवानें जगांत अनन्वित क्रौर्य झालें आहे, आणि ईश्वर नाहीं असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. सत्य नाकारणारा मात्र नास्तिकांतहि आढळत नाहीं. हा शब्दांचा खेळ नव्हे. ईश्वर म्हणजे सत्य असें म्हटलें कीं ज्याला ईश्वर मान्य नाहीं तो उंबरठ्याबाहेरच राहतो. सत्य हाच ईश्वर असें म्हटलें कीं दार सर्वांना उघडें होतें, आणि आपण मानतों तें खरें आहे काय हें तपासण्याची जबाबदारी मात्र श्रद्धाळूवर येऊन पडते.

या श्रद्धेचें बाह्य रूप साधें होतें. सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना, सामुदायिक, निरनिराळ्या धर्मांचीं वचनें असलेली. आश्रमाची भजनावली पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनीं सिद्ध केली. विष्णु दिगंबरांचे हे शिष्य आश्रमांत येऊन राहिले म्हणून मराठी संतांचे अभंग साबरमतीच्या वाळवंटावर पहांटे ऐकूं येऊं लागले. मीराबेनला त्यांचा अर्थ कळावा म्हणून गांधीजींनीं १९३० सालीं येरवड्यांतच त्या भजनावलीचें इंग्रजी भाषांतर केलें. काकासाहेब कालेलकर त्या वेळीं कांहीं महिने त्यांच्याबरोबर त्याच तुरुंगांत होते.

पण नीति आणि श्रद्धा यांची गांठ इतकी घट्ट बांधली म्हणजे ती कधीं कधीं भलत्या ठिकाणीं ताणली जाते. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेली ही शिक्षा आहे, असें गांधीजींनीं जाहीरपणें सांगितलें. रवींद्रनाथांनीं ताबडतोब निषेध नोंदविला. निसर्गाच्या घडामोडींना माणसाच्या पापपुण्याचे हिशेब लावणें बुद्धीला सोडून आहे, आणि अशानें लोकांतला अविचार वाढेल, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनीं तो ‘हरिजन’ पत्रांत छापला, आणि आपलें मत सोडलें नाहीं. येथें न्याय रवींद्रनाथांच्या बाजूनेंच द्यावा लागतो. ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्यांत अस्पृश्यहि होते. मग शिक्षा कोणाला झाली?

आणि अस्पृश्यतेपाशींच शेजारधर्माची सर्वांत कठीण परीक्षा होती. शेजाऱ्याची सेवा करावी हें ठीक. पण शेजारी कोण? गांवाच्या वेशीबाहेर ज्याला ठेवलें आहे तो अंतरानें शेजारी, आणि तरीहि शेजारी गणला न गेलेला. हा प्रश्न आश्रमाला पहिल्या वर्षींच भेडसावला. २५ मे १९१५ रोजीं अहमदाबादेस कोचरब येथें आश्रम सुरू झाला, आणि कांहीं महिन्यांतच दुदाभाई, दानीबेन व त्यांची लहान मुलगी लक्ष्मी हें त्या काळीं अस्पृश्य गणलेलें कुटुंब राहावयास आलें. विहिरीवर शिव्या सुरू झाल्या, देणगीदारांची मदत बंद पडली, आश्रमांतल्याच स्त्रियांना, कस्तुरबांनासुद्धां, तें रुचलें नाहीं. पैसे संपले तेव्हां अस्पृश्यांच्या वस्तींत जाऊन राहावयाचें गांधीजींनीं ठरविलें होतें. इतक्यांत एक शेठ मोटारींतून आले आणि तेरा हजारांच्या नोटा हातांत ठेवून नांव न सांगतां गेले. आश्रम टिकला. कुटुंबहि राहिलें.

आचरण असें असतांना विचार मात्र मागें रेंगाळत होता, हें नमूद केलें पाहिजे. मद्रासच्या त्याच १९१६ च्या भाषणांत, गांवकऱ्यांनीं जातिसंस्थेच्या द्वारें आपला कारभार चालविला, असें तिचें कौतुक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नेमकें येथेंच बोट ठेवलें. १९३६ सालच्या, प्रत्यक्षांत न झालेल्या, पण छापून प्रसिद्ध केलेल्या भाषणांत त्यांनीं दाखवून दिलें कीं जात ही श्रमाची वांटणी नाहीं, ती श्रम करणाऱ्यांचीच उतरंड आहे. आणि जोंवर तिला धर्माची संमति आहे तोंवर उपदेशानें ती हलणार नाहीं. त्याआधीं चार वर्षें, २० सप्टेंबर १९३२ रोजीं, त्याच येरवड्यांत गांधीजींचें उपोषण सुरू झालें होतें आणि २४ तारखेला पुणें करार झाला होता. तो ज्या दडपणाखालीं झाला त्याची सल बाबासाहेबांच्या मनांतून गेली नाहीं. ज्या गांवाला गांधीजी स्वावलंबनाचा घटक मानीत होते त्याच गांवाचा एक भाग बाकीच्यांच्या पायाखालीं होता. पूर्वजांपासून आलेल्या संस्थेला धरून राहा, दोष असतील ते काढा, या स्वदेशीच्या नियमांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो: दोष हाच ज्या संस्थेचा गाभा आहे तिचें काय करावें? गांधीजींनीं याचें उत्तर एकदम दिलें नाहीं. तें त्यांच्या आयुष्यांत हळूहळू, टप्प्याटप्प्यानें उमटत गेलें.

स्वतःच्या कार्याची झडती मात्र ते अखेरपर्यंत घेत राहिले. १९२५ सालीं स्थापन झालेल्या चरखा संघाचा व्याप वीस वर्षांत मोठा झाला होता, शहरोशहरीं खादीभांडारें निघालीं होतीं. १९४४ सालीं आगाखान महालांतील कैदेंतून सुटून आल्यावर सेवाग्रामांत कार्यकर्त्यांपुढें त्यांनीं सांगितलें कीं ही वाट चुकली. खेड्यांतल्या बाईनें मजुरीसाठीं कांतावें, शहरांतल्यानें तें ऐट म्हणून किंवा पुण्य म्हणून विकत घ्यावें, आणि कांतणारीच्या अंगावर स्वतःच्या सुताचा धागा नसावा, यांत स्वावलंबन कोठें आहे? पुढच्या वर्षीं नियम झाला कीं खादी घेणाऱ्यानें किमतीचा कांहीं भाग स्वतः कांतलेल्या सुताच्या रूपानें द्यावा. भांडारांची विक्री त्यामुळें घटणार हें उघड होतें, आणि पुष्कळ कार्यकर्ते कुरकुरले. त्यांतले कांहीं जण व्यवहाराच्या दृष्टीनें चुकत होते असेंहि म्हणतां येत नाहीं. पण पिंजारी शोधावयास लावणारी ती जुनी टोंचणीच येथें पुन्हां बोलत होती.

त्याच सुमारास आंध्रांतील गोरा या नांवानें ओळखले जाणारे गोपराजु रामचंद्र राव सेवाग्रामला येऊं लागले. हे गृहस्थ उघड नास्तिक, आणि अस्पृश्यतेविरुद्ध खेड्यांत बसून काम करणारे. गांधीजींशीं त्यांचे लांबलचक संवाद झाले. आपल्या मुलीचा विवाह अस्पृश्य समाजांतील तरुणाशीं करावयाचें गोरांनीं ठरविलें, तेव्हां तो सेवाग्रामांत व्हावा असें गांधीजींनीं सुचविलें. वधूवरांपैकीं एक जण हरिजन असल्यावांचून विवाहाला आशीर्वाद द्यावयाचा नाहीं, येथवर ते तोंपर्यंत येऊन पोंचले होते. अडचण एकच होती: आश्रमाच्या विवाहविधींत प्रतिज्ञा ईश्वराच्या नांवानें घ्यावयाची असे, आणि वधूचा पिता तर ईश्वर मानीत नाहीं. त्या जागीं सत्य हा शब्द घालण्यास गांधीजींनीं संमति दिली. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत त्यांचा वध झाला. विवाह ठरल्याप्रमाणें मार्च महिन्यांत सेवाग्रामच्या आश्रमांत लागला, आणि वधूवरांनीं सत्याला स्मरून शपथ घेतली.